काय वाटतं आणि काय वाटायचं

नुकुनोनु, गुरुवार (जहाज शनिवारी निघेल)

प्रिय सेलेफिनाताई,

तुझ्या धाकट्या लुहिआचा प्रेमाचा नमस्कार. तिकडे न्यूझीलंडला, पोरिरुआत थंडी सुरू झाली असेल, तेव्हा छाती सांभाळ आणि भाऊजींच्या पाठीला तेल लाव (ते नको म्हणतील, तरी लाव). इथे आई बरी आहे. एका कानाने ऐकू येत नाही म्हणते, पण तो कान कुठला ते रोज सोयीने बदलतं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आला की ती माझ्या मांडीला मांडी लावून बसते, आणि विषय तिचाच आहे.

सोमवारी जहाजातून फिलिपा नावाच्या बाई उतरल्या. सरकारने पाठवलेल्या. न्यूझीलंडशी आपल्या बेटांचं नातं पुढे कसं असावं, हे गावाला विचारायला. प्रत्येकासाठी एक कागद, कागदावर तीन गोल: न्यूझीलंडच्या हाताखाली आहे तसंच राहू दे; घर आपलं आपण चालवू, पण हात सोडायचा नाही; किंवा अगदी वेगळं. मी शाळेत शिकवते म्हणून दुभाष्याचं काम माझ्याच गळ्यात. बाई म्हणाल्या, प्रत्येकाला काय वाटतं ते आम्हाला हवंय. मी तेच सभाघरात सांगितलं. फालानिकोकाकांनी (अजूनही गावात मासळीचे वाटे तेच घालतात, गुडघे दुखतात तरी) एवढंच विचारलं की, कागद एकूण किती. एकशे वीस, म्हटल्यावर ते समाधानाने उठले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आपल्या लोकांना काय वाटतं असं विचारलं की त्यांना काय वाटायचं असंच ऐकू येतं, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवूनही विसरले.

बुधवारी पहाटे पाहते तर इनातीच्या जागी, जिथे मासळीचे घरटी वाटे पडतात तिथे, कागदांचे वाटे पडलेले. वर एकेक खडा, वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि काकांनी नुसते कागद वाटले नव्हते, ताई, उत्तरंही वाटली होती. सगळं गाव एकाच गोलावर पडलं तर बाकीच्या दोन गोलांचं काय, असा त्यांचा विचार. शिवाय पाहुणीने इतक्या लांबून तीन प्रकार आणले, त्यातले दोन तसेच परत पाठवणं बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येक गोलाला चाळीस खुणा. फिलिपाबाईंनी दुपारी सभाघरात, ज्याच्या त्याच्या हातातला कागद पाहत मोजलं, पुन्हा मोजलं, मग मला मोजायला लावलं. चाळीस, चाळीस, चाळीस. ही चूक कशी झाली, असं त्यांनी काकांना विचारायला सांगितलं. काका म्हणाले, "चूक? कुणाला कमी पडलं का?"

मी हसू दाबत होते. पण माझं हसू फार टिकलं नाही, कारण तेवढ्यात आई उठली.

आपल्या घरात तीन कागद आले होते. 'आहे तसंच' माझ्या नवऱ्याला, पेटेलोला (तो लग्नात बसला होता त्याच चटईवर अजून बसतो, त्याला शोभलं), मधला मला, आणि 'अगदी वेगळं' आईला. तिने आदल्या दिवशी बाईंना एकच प्रश्न विचारला होता. वेगळं झालो, तर माझ्या थोरलीला घरी यायला कुणाची परवानगी लागेल का? बाई खरं बोलणाऱ्या, त्यांनी थापा मारल्या नाहीत. म्हणाल्या, आत्ताच सांगता येत नाही. मी ते जमेल तितकं मऊ करून सांगितलं, पण त्या दिवशी तिचे दोन्ही कान चालू होते.

तर आई सगळ्या गावासमोर उभी राहिली. आपल्याकडे मिळालेला वाटा कुणी परत केल्याचं मला आठवत नाही. तिने कागद काकांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "फालानिको, मासा लहान आला तरी मी कधी बोलले नाही. पण माझ्या पोरीला पाहुणी करणारा वाटा माझ्या घरात नको."

काकांनी तो कागद घडी करून स्वतःच्या कमरेला खोवला. मग फिलिपाबाईंनी नवे कागद काढले, आणि ठरलं की शुक्रवारी ज्याने त्याने आपलं आपण लिहायचं.

ताई, वीस वर्षं मी वर्गात सांगत आले की आपण आपल्या पायांवर उभं राहावं. मला ते अजूनही खरं वाटतं. पण आईला ज्याची भीती वाटते तेही खरं आहे. दोन्ही एका गोलात मावत नाहीत. माझा कागद अजून कोराच आहे.

तुझी,
लुहिआ

ता.क. मुख्य सांगायचं राहिलंच. आईने तुझ्यासाठीही एक कागद मागून घेतलाय. तिकडे राहणाऱ्यांना नाही, असं बाईंनी तीनदा सांगितलं, पण आईचा तो कान पुन्हा गेला. तुझं काय मत आहे ते तिला कळव. निदान, काहीही झालं तरी तू येशील, एवढं तरी.

ता.क. दुसरा. आईने पत्र वाचून घेतलं. तिच्या लक्षात आलं (माझ्या नाही) की हे पत्र आणि ते कागद एकाच जहाजाने जाणार, म्हणजे तुझं उत्तर येईस्तोवर सगळं उरकलेलं असणार. म्हणून तुझ्या कागदावर तिनेच खूण केली. कुठल्या गोलात केली ते मला सांगत नाही, फोनवर तुलाही सांगणार नाही. म्हणते, तिला जाणून घ्यायचं असेल तर इथे येऊन विचारू दे.