“खाली काही अडचण?”

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. धरणाच्या कंट्रोल रूममध्ये मला आता खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आई तेल लावून देते ना, की तुम्हीच टाळाटाळ करता?

पत्र पोचलं. अभयारण्यातून रिटायर झालात, तरी रोज वाळूच्या बेटावर जाऊन पाखरांची अंडी राखता. यंदा सगळी वाहून गेली, नदीचं डोकंच फिरलं, असं लिहिलंत.

बाबा, नदीचं डोकं ठिकाणावर होतं. विजेची मागणी वाढली आणि आम्हाला जादा पाणी सोडायचा हुकूम आला. आधी भोंगा वाजवला, माणसं काठावर आली. पाखरांना भोंगा काय कळणार?

“पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणावं,” असं सांगून तुम्ही साहेबांसाठी चिठ्ठी दिली होतीत. साहेब चिडतील म्हणून मी ती दाखवलीच नाही. त्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, “खाली काही अडचण?”

मी म्हटलं, “काही नाही.”

तेव्हा नदीला शिव्या घालू नका. बटण तुमच्याच लेकीनं दाबलं.

तुमची,
धाकटी