चौघांची बाटली

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! लहान मुलांचं हॉस्पिटल, तळमजल्यावर प्रयोगशाळा, वर राहायला दोन खोल्या आणि दोन्हींत भरपूर ऊन. दादा-वहिनी सामान लावून दुपारच्या गाडीने परत गेले. वहिनी रडली. दादाने डोळ्यांत काहीतरी गेल्याचं जुनंच नाटक केलं. खारूताई मात्र रडली नाही. ही माझी भाची, सदा पेन्सिली कुरतडते म्हणून खारूताई. आल्या आल्या माझ्या नव्या पेन्सिलीचं टोक चावून तिने घराचा ताबा घेतला.

तिच्यासाठीच ही नोकरी धरली. तिच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसांना खेटून, पाण्याने भरलेली एक गाठ आहे. सर्जनने टाळूच्या कातडीखाली छोटी डबी बसवली आहे, तिच्यात सुई घालून दर आठवड्याला पाणी काढतात. पण गाठ पुन्हा भरते. अशीच भरत राहिली तर महिनाअखेर मोठी शस्त्रक्रिया, आणि त्यात दृष्टी जाण्याची भीती. ते पाणी जिथे तपासतात, त्याच टेबलाशी आत्याने बसलेलं बरं.

हाताखाली एक तंत्रज्ञ आहे. त्याचा आवाज तीन मजले ऐकू जातो, म्हणून मी त्याचं नाव भोंगा ठेवलं. माणूस उमदा. प्रयोगशाळा दाखवताना त्याची तक्रार एकच: मागच्या, नमुने उबेत ठेवायच्या गरम खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि आतून कडीच नाही.

बुधवार, ६

आज खारूताईचं पाणी हातात आलं. पाणी कसलं, गाडीतून उपसलेलं जुनं काळं तेल! दिव्याखाली हलवलं की त्यात चकचक होते. सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या काचेचे तुकडे दिसावेत तसे कोलेस्टेरॉलचे स्फटिक, प्रत्येकाचा एक कोपरा तुटका. इतकी सुंदर वस्तू इतक्या दुष्ट जागी असावी, याचा राग आला.

दहा लाख मुलांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला ही गाठ होते. बाळ पोटात असताना तोंडाचा वरचा भाग घडतो, तेव्हा काही पेशी वाट चुकून मेंदूच्या तळाशी राहून जातात. दात घडवणाऱ्या पेशींच्या त्या सख्ख्या बहिणी. पेशीत एक प्रथिन वेळच्या वेळी मोडून टाकायचं असतं, ते यांच्यात मोडत नाही, साठत जातं आणि वाढा, वाढा म्हणत राहतं. क्वचित अशा गाठीत खरोखरीचा दात सापडतो. हे सांगितल्यावर भोंगा म्हणाला, आपल्याला अक्कलदाढ आली तरी कुठे येईल याचा नेम नाही. हसले मी.

शुक्रवार, ८

हात दाखवून अवलक्षण केलंय, पण इलाज नव्हता. यंत्राला नमुना लागतो कुपीभर, आणि मिळतो थेंबभर. प्रत्येक मुलाचं पाणी वेगळंच ठेवायचं, असा मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या प्रमुखांचा, नियम आहे. त्या महिनाभर परदेशी. मी आधीच्या नोकरीत शंभरदा केलं तेच केलं: खारूताई आणि वॉर्डातली अशाच गाठीची तीन मुलं, अशा चौघांचं पाणी एका बाटलीत ओतलं. वर पेशींचं पोषक द्रव घातलं, जगतात का बघू म्हणून, आणि बाटली गरम खोलीत ठेवली. ओतताना चौघांची काळी पाणी एकमेकांत मिसळली नाहीत. आधी बाटलीच्या तळाशी एकमेकांभोवती फिरली, मग एकदम एक झाली.

मंगळवार, १२

बाटली गळ्यापर्यंत भरलेली. वर ओली, पांढरी साय, आणि सायीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टणक. भोंग्याने चिमट्याने टोचलं, मग अंगठ्याने दाबून पाहिलं.

त्याने किंकाळी फोडली ती रस्त्यावर ऐकू गेली असेल. अंगठ्याच्या पेराचं मांस नखासकट गेलं. बाटलीत लाल ढग उठला आणि क्षणात नाहीसा झाला. मी पट्टी बांधत होते, तरी हा विनोद करतोय: बोट दिलं की मनगट धरतं म्हणतात, तसं व्हायचं नाही ना मॅडम?

संध्याकाळी सर्जन स्वतः खाली आला. चारही मुलांच्या गाठी निम्म्याने आटल्या आहेत. खारूताईला फळ्यावरची बारीक अक्षरं दिसायला लागली. कशामुळे, ते सर्जनला माहीत नाही. मला वाटतं मला माहीत आहे.

गुरुवार, १४

भोंग्याने मला न विचारता बाटलीत आम्ल ओतलं. आतलं जे होतं ते काचेवर आपटायला लागलं. त्याच क्षणी वर धप्प आवाज. धावत गेले तर खारूताई जमिनीवर, पाठीची कमान झालेली, जीभ दातांखाली चिरलेली, तोंडातून रक्त. वॉर्डातल्या तिघांनाही त्याच मिनिटाला झटका आला.

मी खाली येऊन भोंग्याला ढकललं, त्याच्या डोळ्यांदेखत आम्ल उपसलं आणि उघड्या हाताने बाटलीतल्या त्याला गोठ्यातल्या वासरासारखं कुरवाळलं. हो, त्याला. मग प्रयोगाच्या प्राण्यांच्या खोलीतला एक ससा आणला. मान मोडून बाटलीच्या तोंडाशी धरला तेव्हा वाईट वाटलं. सशाची हाडं फुटल्याचा आवाज मात्र मी शांतपणे ऐकला. वर खारूताई उठून बसली आणि तिने पाणी मागितलं.

सोमवार, १८

ससे संपले. आता ते बाटलीत नाही, गरम खोलीतल्या टबात आहे. तोंडं चार. दात ओळीत नाहीत, जिथे जागा मिळेल तिथे. मध्ये मध्ये स्फटिक चकाकतात.

नवा स्कॅन आला. खारूताईच्या गाठीची पिशवी पूर्ण रिकामी. शस्त्रक्रिया रद्द! दादा फोनवर या वेळी खराखुरा रडला. शनिवारी न्यायला येतोय. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी आहे. पण हात धुतले तरी वास जात नाही.

गुरुवार, २१

भोंगा आम्लाचा मोठा कॅन घेऊन आला. म्हणाला, झटके योगायोग होते, हे आजच संपवायचं, तुम्ही बाजूला व्हा मॅडम. मी हात जोडले. पाया पडले. त्याने ऐकलं नाही.

लोखंडी स्टूल. एकदा. तो पडला नाही. मग पुन्हा. पुन्हा. कवटीचा आवाज मडक्यासारखा येत नाही, कोणी काही म्हणो. ओढत नेलं तेव्हा तो जिवंत होता. डोळे माझ्यावर होते — चारही तोंडांनी एकदम — त्याचा तो आवाज, आणि मग तो आवाज अर्ध्यात —

भिंत पुसली. छताला हात पोचत नाही.

मी त्याचं खरं नाव कधी विचारलंच नव्हतं.

शुक्रवार, २२

सकाळीच परत भुकेलं. खारूताईचं डोकं दुखायला लागलं. लगेच. आता कोणाला आणू —

डावा हात. रबरी नळीने दंड आवळला आणि टबात सोडला. भोंग्या, मनगट धरलं रे, तुझी म्हण खरी. शुद्धीवर आले तेव्हा वर खारूताई गाणं म्हणत होती.

दादाला सांगितलं, यंत्रात हात गेला. तो रात्रीच निघतोय.

शनिवार, २३

ठरलं. वर दादा सामान बांधतोय. गाडी सुटेपर्यंत याला उपाशी ठेवायचं नाही. मी आहे अजून बरीच. गरम खोलीत येऊन बसले. दाराची मूठ रबरी नळीने आतल्या पाइपाला बांधली, एका हाताने आणि दातांनी. वही मांडीवर.

टब उलटला. ते माझ्या पायांवरून —

चावलं नाही. मी पाय पुढे केला तरी नाही. ओलांडून गेलं. दाराला चिकटून बसलंय, कान लावल्यासारखं.

मी उलटं समजले. पिशव्या आपोआप आटल्या नव्हत्या. त्याने आटवल्या. जागा रिकामी करून ठेवली. खाल्लं ते फक्त मोठं व्हायला. त्याला परत जायचंय. चौघांत. आधी —

जिन्यावर पावलं. धावत येणारी. आत्याला भेटायचं राहिलं म्हणून. दादा, धर रे तिला —

ते बोललं. माझ्या आवाजात. म्हणालं, ये गं खारूताई, उघडंच आहे.

ओरडतेय मी. पण बाहेर दोन आवाज एकसारखेच जात असणार, ती कोणाचं —

नळी ताणली जातेय. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. एका हाताने धरू की लिहू, खारू ओढू नको, ही मी आहे, ही मी, ओढू न