दुबार नावं

३ मार्च, सोमवार

संपली एकदाची यादी! ४३१ची ४१२ झाली. एकोणीस दुबार नावं आज खोडली — पट्टी लावून, लाल पेनाने. पाच दिवस मान वर केली नव्हती.

काय तो गोंधळ होता! आरोग्य खात्याची यादी वेगळी, शाळेवाल्यांची वेगळी, टँकरवाल्यांची वेगळी, आणि चष्मे-चादरी वाटणाऱ्या मंडळाची तर नुसती वही. बागांमध्ये फळं तोडायला आलेली माणसं तीच, पण चार ठिकाणी चार वेळा. कुणाला दोन चादरी, कुणाला एकही नाही. आता आमच्या ऑफिसात सगळ्यांची मिळून एकच यादी, आणि तिच्यावरून माणशी एक निळं कार्ड. ते दाखवलं की दवाखाना, शाळा, सगळं.

वयाची तर गंमतच. वय विचारलं की त्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. मग लिहिणारा २५ लिहून मोकळा! अर्ध्या बागा पंचवीस वर्षांच्या आहेत.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, “तुझ्या हाती देवांची यादी दिली तर निम्मे देव दुबार म्हणून काढशील.” म्हणू देत. स्वतःचे मोजे कधी जोडीने सापडत नाहीत, तो माणूस मला हसतो!

५ मार्च, बुधवार

बैठक. साहेबांनी सगळ्या खात्यांसमोर यादी उंच धरली — “याला म्हणतात काम!” मी उगाच चष्मा पुसत बसले. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

६ मार्च, गुरुवार

दुपारी खिडकीवर सात नंबरच्या शेडमधली एक बाई. हातात निळं कार्ड, आणि मागायला आली दुसरं! “आम्ही दोघी आहोत, बाई.” यादी बघितली. नाव एक, आडनाव एक, गाव एक, शेड एक, वय — अर्थातच — २५. म्हटलं, “एक माणूस, एक कार्ड.” तर म्हणते, “ती थोरली, मी धाकटी. जावा आहोत. नाव एकच आहे आमचं.”

“मग तिला घेऊन ये.”

“तिचे पाय सुजलेत. चालवत नाही तिला.”

मागे रांग वाढत होती. “उद्या बघू” म्हटलं. कार्ड पदरात बांधून गेली. शेडपर्यंत पाऊण तासाची चाल आहे, तीही उन्हात. कामावर खाडा करून आली असणार.

चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं — एका नावाच्या दोन जावा, काय डोकं लावतात! हसून हसून पुरेवाट.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर टँकर. चार नंबरला पाणी नाही, नऊ नंबरला दोन टँकर! ओरडून घसा बसला.

१० मार्च, सोमवार

आरोग्य खात्याच्या नर्सची तपासणी कुणाची राहिली ते विचारायला मंडळाच्या मास्तरीणबाई आज फोनवर बसल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. यादीवरून एकेकीला फोन — “तपासणी झाली का?” “झाली.” टिक. “तपासणी झाली का?” “झाली.” टिक. संध्याकाळपर्यंत सगळं पान टिकांनी भरलं. बघत राहावंसं वाटत होतं.

१४ मार्च, शुक्रवार



अकरा वाजता नर्सचा फोन. सात नंबरच्या शेडमधल्या गरोदर बाईला झाडाखालीच झटके आले. फळांच्या क्रेटच्या ट्रकमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. मग नर्स म्हणाली, “मी तिच्या नावापुढे लाल ठिपका दिला होता. पायाला सूज, रक्तदाब वाढलेला, आठवड्यात पुन्हा बघायचं. तुमच्या यादीत ठिपकाच नाही! मी त्याच यादीवरून फिरतेय ना?”

जुने कागद काढले. दोन ओळी होत्या. एक नर्सने लिहिलेली, ठिपक्यासकट. एक मंडळाच्या वहीतली, डोळे तपासले तेव्हाची. नाव, आडनाव, गाव, शेड, २५, २५. मी ठिपक्याची ओळ खोडली होती. का, तर दुसरीत फोन नंबर होता. ज्या ओळीत माहिती जास्त, ती ठेवायची — हा नियम मीच केलेला! ठिपका काही माझ्या रकान्यांत बसत नव्हता.

पट्टी लावून खोडलीय. किती सरळ रेघ आहे ती.

१५ मार्च, शनिवार

दवाखान्यात गेले. बाळ गेलं. थोरली शुद्धीवर नाही.

धाकटी बाकावर बसली होती. तीच ती, खिडकीवरची. ओळख दाखवली नाही, की ओळखलंच नाही, कुणास ठाऊक. मी शेजारी बसले तशी आपणहून बोलायला लागली. “माझ्यामुळे झालं, बाई. फोन माझ्याकडेच असतो. तपासणी झाली का विचारलं, मी झाली म्हणाले. माझे डोळे तपासले होते ना! मला वाटलं तेच विचारतायत. तिचं विचारतायत हे कळलं असतं तर...” पदराचं टोक पिळत होती नुसती.

आणि मी काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला. “असं मनात आणू नकोस” म्हटलं. बस्स! मूग गिळून बसले. वर तिला चहा आणून दिला. तिने दोन्ही हात जोडले मला.

घरी येताना जाणवलं — ती स्वतःला दोष देत होती तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटतेय. पण वाटलं होतं.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं, जुने कागद पुढे ठेवून. त्यांनी वाचलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं. “ती यादीत नव्हतीच ना?”

“नव्हती, कारण मीच...”

“यादीत नाही म्हणजे आपल्याकडची नाही. दवाखाना बघेल. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?”

म्हणजे मी तिला खोडलं आणि त्यामुळेच मी सुटले. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. चहावाली म्हणाली, “बाई, चक्कर आली का?” हो म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

यांना सांगितलं. देवांच्या यादीचा विनोद आठवला असावा, हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, “त्या धाकटीला माहीत आहे?” नाही म्हटलं. “मग अजून ती तिचंच समजतेय.” एवढंच. जेवले आणि भांडी स्वतः घासली.

उद्या बघू, उद्या बघू — आयुष्यभर किती जणांना म्हटलं असेन मी हे!

१९ मार्च, बुधवार

सकाळी ऑफिसात गेल्यागेल्या यादी उघडली. तळाशी नवी ओळ घातली. ४१३. नाव, आडनाव, गाव, शेड. वयाच्या जागी काही लिहिलं नाही. पुढे लाल ठिपका. साहेबांना न विचारता सगळ्या खात्यांना पाठवून दिली, खाली कारण लिहून — माझ्या चुकीने वगळलेलं नाव. जे व्हायचं ते होऊ दे. खोडलेल्या बाकीच्या अठरा नावांसाठी नर्सला गाडी देऊन शेडमध्ये पाठवलं. मास्तरीणबाईही गेल्या, कुणी न सांगता.

मग दवाखाना. धाकटी त्याच बाकावर. सगळं सांगितलं. कागद दाखवले. तिला वाचता येत नाही, तरी त्या रेघेवरून बोट फिरवलं तिने.

“म्हणजे मी झाली म्हणाले म्हणून नाही?”

“नाही.”

“खरंच नाही?”

तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं. मग ढसाढसा रडली. मी तयारीनेच गेले होते — शिव्या देईल, अंगावर धावून येईल. काही नाही. डोळे पुसून झाल्यावर हळूच म्हणाली, “मी सांगितलं होतं तुम्हाला. खिडकीत.”

ओळखलं होतं तर. त्या दिवशी चहा देत होते तेव्हाही ओळखलं होतं! आणि हात जोडले होते.

निघताना म्हणाली, “थोरलीला शुद्ध आली की तुम्हीच सांगा. मला नाही जमणार.” हो म्हटलं. बाळाचं अजून तिला माहीत नाही.

२० मार्च, गुरुवार

नर्सचा फोन. अठरापैकी सतरा खरोखरच दुबार. एक माणूस खरा — म्हातारा, मधुमेही, सापडला, ठीक आहे. सतरा बरोबर! पंधरवड्यापूर्वी या आकड्यावर पेढे वाटले असते.

२१ मार्च, शुक्रवार

थोरलीने डोळे उघडले! धाकटीने फोनवरून कळवलं. पाणी मागितलं म्हणे, आणि धाकटीला रागावली — केस का नाही विंचरलेस म्हणून.

दुपारी तिचं निळं कार्ड केलं. अक्षर जितकं सुंदर काढता येईल तितकं काढलं. वय तिलाच विचारून लिहीन. सोमवारी जाते. बाळाचं, रेघेचं, सगळं मीच सांगणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून बघितलं. फाडलं.

२३ मार्च, रविवार

कार्ड पर्समध्ये आहे. दोनदा बघून घेतलं.

२४ मार्च, सोमवार

निघणारच होते, तेवढ्यात खिडकीवर धाकटी. केस विंचरलेले, एकटी. मी धावत बाजूचं दार उघडलं, तिला आत आणलं, खुर्ची दिली. कार्ड तिच्यासमोर ठेवलं.

तिने ते उचललं नाही. बोटाने माझ्याकडे सरकवलं.

“नको आता, बाई. दोघी नाही राहिलो आम्ही. एकच पुरे.”