ओल्या लाकडावर सही नाही

८ जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. मी सांगते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. म्हणजे शब्द माझे आणि कपाळावरच्या आठ्या तिच्या.

तुझं पत्र ऐकलं. तुम्ही बांधताय ती शाळा खांबांपासून जमिनीपर्यंत सगळी लाकडाची, आणि त्या लाकडात तू दोन-दोन सुयांच्या डब्या टोचून ठेवल्या आहेस. आत किती पाणी मुरलंय ते त्या तुझ्या फोनवर कळवतात. लाकडाला ताप आला का ते बघायचं यंत्र, असं मी शेजारणीला समजावलं. तिला तसलंच एक नवऱ्यासाठी हवं आहे.

तिसऱ्या मजल्यावरची डबी ओल दाखवते आहे, आणि तुझा साहेब म्हणतो, शाळा उघडायची तारीख जवळ आली, वरून कोरडं दिसतंय, मारा फळ्या आणि झाका. त्याला म्हणावं, आमच्या न्हाणीघराचं दार बघून जा. पाहुणे यायचे म्हणून तुझ्या आजोबांनी ओल्या दारालाच रंग फासला. बाहेरून नवरीसारखं नटलं आणि आतून भुसा झाला. अजून मी ते लाथ मारून उघडते, आणि दर लाथेला त्यांची आठवण काढते.

तुझी आई म्हणते, साहेबाशी भांडू नकोस असं लिहा. लिहिलं. आता माझं लिही म्हटलं: भांड.

पत्र आलं नाही तर जेवणार नाही असं म्हणत नाही, जेवीन, पण बडबडत जेवीन.

तुझी आजी

१५ जुलै

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तू भांड म्हणालीस, मी भांडले आणि तोंडावर आपटले.

साहेबांनी मला तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि वर बघायला सांगितलं. सुतारांनी बरोबर त्या डबीच्या वर खिळे ठोकून आपले भिजलेले रेनकोट टांगले होते. टप टप पाणी थेट डबीवर. सगळे खो खो हसले. साहेब म्हणाले, तुझ्या यंत्राला रेनकोट आणि पाऊस यांतला फरक कळत नाही. मी रोज तिथून जाते आणि एकदाही मान वर केली नाही!

रेनकोट हलवले, जागा पुसली, पंखा लावला. तरी आकडा उतरत नाही. वरून ठिबकलेलं पाणी इतकं खोल जाऊ नये. पण डबीच बिघडली असेल तर? जमीन झाकायला माझी सही लागते. २७ तारखेच्या सोमवारी सही कर, नाहीतर घरी जा, असं साहेबांनी बजावलंय. एकदा झाकलं की आत काय कुजतंय ते कुणालाच दिसणार नाही, आणि वर वर्ग भरणार. मला काही सुचत नाही. आई, तू हे वाचून दाखवत असशील, तर रागावू नकोस.

तुझी, सध्या न फिरणारी,
भिंगरी

२० जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. रेनकोटांचं ऐकून मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. तू हसलीस का? नसशील तर आधी हस. चूक झाली की ती पहिली आपणच सांगावी, म्हणजे लोकांच्या तोंडचा घास जातो. मग दुसरी डबी दुसरीकडे टोच. एका साक्षीदारावर कुणी कुणाला फाशी देत नाही.

आता सहीचं. मला अक्षर ओळखता येत नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा माझे दीर कोरा कागद घेऊन आले. वहिनी, अंगठा उठवा, मजकूर मागाहून भरतो, म्हणाले. मी अंगठा मुठीत घातला आणि ती मूठ त्यांच्या नाकासमोर धरली. कागद मला कळत नव्हता, पण अंगठा माझा होता. तुला तर सगळं वाचता येतं. ओलं वाचायचं आणि कोरडं म्हणून सही करायची, तर मग शाळा शिकलीस कशाला?

इथे तुझ्या आईने पेन आपटलं. पोरीची नोकरी गेली तर तुम्ही पोसणार का, असं मला विचारते. पोसेन! शिवणयंत्र अजून चालतं, पायही चालतात. हे लिहायला ती तयार नव्हती. काय लिहिलंस ते शेजारणीकडून वाचून घेईन म्हटल्यावर लिहिलं.

लोभ तेवढा ओला राहू दे, बाकी सगळं वाळव.

तुझी आजी

२९ जुलै

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आधी सगळ्यांसमोर रेनकोटांची चूक कबूल केली, आणि हसलेसुद्धा. मग थोडं लांब दुसरी डबी टोचली. तीही ओली.

सोमवारी साहेब सुतारांना आणि फळ्यांना घेऊनच आले. मी सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, सहीवाचून मारा. मग मी जेवणाचा डबा उघडला आणि त्या उघड्या जमिनीवर मांडी ठोकून जेवायला बसले. साहेब ओरडत होते. मी म्हटलं, पाणी येऊ नये म्हणून अंथरलेल्या कापडाचा हा सांधा उचकटा. खाली कोरडं निघालं तर उष्ट्या हाताने सही करते.

ज्याचा रेनकोट होता त्याच सुताराने सांध्यावरची पट्टी ओढली. खालून पाणी त्याच्या मनगटावर आलं. लाकूड काळं पडलेलं, भिजल्या पोत्यासारखा वास. कुणी हसलं नाही.

आता तिथे पंखे चालू आहेत, फळ्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. आणि साहेबांनी मला ऑगस्टअखेर दुसरीकडे काम बघायला सांगितलंय. बघेन. पण तोवर रोज डबी बघते आहे, आणि आकडा उतरेपर्यंत माझी सही मिळणार नाही. आईला तूच सांग.

तुझी भिंगरी

३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आईला सांगायला मला तोंड उघडावंच लागलं नाही. तुझं पत्र तिने शेवटपर्यंत वाचून घडी घातली. मग उठली, न्हाणीघराच्या दाराला लाथ घातली, अशी की ते बिजागरीसकट आत पडलं. आता आंघोळीला पडदा आहे, आणि नवं दार वाळलेल्या लाकडाचंच घ्यायचं असं तिने सुताराला ठणकावलंय. तुझ्या साहेबाची वेळ चांगली, की तो तिकडे आहे.

महिनाअखेरीला ये, नाहीतर नवी नोकरी धरून ये. कशीही आलीस तरी ताट वाढलेलंच आहे. साहेबाला मात्र येताना नमस्कार करून ये, म्हणजे जास्त झोंबेल.

नेहमीसारखा खाली अंगठा उठवला आहे. आणि त्याच्या शेजारी तुझ्या आईने, कुणी मागितली नसताना, सही केली आहे.