शिकागोचा जावई आणि बाजूची जागा

सोमवार, ३ डिसेंबर
रविवारी शिकागोचा फुटबॉल संघ येतोय. आपल्या ग्रीन बेच्या मैदानात त्यांना लोळवायचंच. माझ्या बाजूच्या जागेचं तिकीट जोलीनला पोस्टाने धाडलं. लेक दहा वर्षांची असल्यापासून तिथेच बसायची. सोबत पत्र. फार मऊ लिहिलं. अटी दोनच: नवऱ्याला शिकागोतच ठेवायचं आणि आल्याबरोबर माफी मागायची.

मंगळवार
शेजारचा ऑर्व्हिल म्हणाला, व्हर्लिन, माफी तू माग. म्हटलं, कशाबद्दल? नात जन्मली त्या दिवशी इस्पितळातून धावत पोस्टात कोण गेलं? मैदानाच्या सीझन तिकिटांच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव पहिल्याच दिवशी घातलं. इथे नंबर लागायला अख्खा जन्म जातो. नाव ठरलं नव्हतं, म्हणून माझ्या बायकोचं लिहिलं. आर्डिस. वरती खूश झाली असेल बिचारी. आडनावही आमचंच टाकलं, देलफोस. ते नंतर बघता येतं.
ऑर्व्हिल म्हणाला, पोरीला हातात तरी घेतलं होतंस का रे? पोस्ट पाचला बंद होतं, हे त्याला कोण सांगणार.
तीन वर्षं झाली, जोलीन बोलत नाही. हट्टी. आईवर गेलीय.

गुरुवार, रात्री
तिचा फोन नाही. मी वाट बघत नाहीये. रिसीव्हर उचलला तो फक्त चालू आहे ना बघायला. चार वेळा.
दुपारी छोट्या आर्डिसचं यादीचं कार्ड आलं. नंबर अजून लाखाच्या पुढे, पण सरकतोय. फ्रिजवर लावलं.

शनिवार
सॉसेज आणली, बारा. कांदा घालून बिअरमध्ये उकळून ठेवली. उद्या मैदानाच्या पार्किंगमध्ये नुसती भाजायची.
संकल्प: रागवायचं नाही. ती रडायला लागली तर पाठीवर थोपटायचं. आरशासमोर सराव केला. बरा जमला.

रविवार, संध्याकाळी
जोलीन आली नाही. तिच्या जागेवर जावई! डॅरिल. हिरव्या गर्दीत शिकागोचा शर्ट घालून एकटा. म्हणाला, सरका जरा सासरेबुवा, बूड गोठलं माझं.
ठरवलं, अवाक्षर बोलायचं नाही. सहा मिनिटं पाळलं. मग तो म्हणाला, मागे त्या बर्फातल्या सामन्यात तुमचा गडी चेंडू घेऊन गोलरेषेच्या अलीकडेच पडला होता. हे ऐकून घेणाऱ्यांतला मी नव्हे. म्हटलं, बर्फात रेषाच दिसत नव्हती, तुला कुठून दिसली? म्हणाला, मग तुम्हाला कुठून दिसली? मागच्या बाई म्हणाल्या, अहो, घरी जाऊन भांडा की.
शेवटच्या मिनिटाला आपण जिंकलो. मिठी मारायला दुसरं कुणी नव्हतं, डॅरिललाच मारली. जरा जास्त वेळ धरून ठेवला त्याला. गर्दी होती.
पार्किंगमध्ये त्याने पाच सॉसेज खाल्ली. शिकागोचा असून खातो व्यवस्थित. सहज विचारलं, आर्डिस कशी आहे? तो चावायचा थांबला. म्हणाला, तिचं नाव आर्डिस नाहीये. आणि म्हणाला, जोलीनने एवढंच विचारून यायला सांगितलंय, बाबांना नातीचं नाव ठाऊक आहे का?
म्हटलं, म्हणजे काय! विचारायची गोष्ट आहे का ही! आणि शेगडी आवरायला घेतली. त्याने हात पुसले. मग गेला.

सोमवार, १० डिसेंबर
तीन वर्षांच्या रोजनिशा चाळल्या. सगळीकडे आर्डिसच. ‘बाप्तिस्म्याचं निमंत्रण’ लिहिलेलं पाकीट आलं होतं, पण मी ते न उघडताच परत धाडलं होतं. त्यात नाव असणार.
ऑर्व्हिलला विचारता आलं असतं. नाही विचारलं. लाज वाटली.
शेवटी फोन केला. जोलीन म्हणाली, बोला बाबा. कालच्या सामन्याचं बोलायला लागलो, मग थांबलो. म्हटलं, मला नाव ठाऊक नाही गं. चुकलं माझं. ती म्हणाली, आता ती स्वतःच सांगते. थांबा, देते.
छोटासा आवाज आला. कोण?
आजोबा म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, ग्रीन बेहून बोलतोय.
पलीकडे जरा वेळ श्वास ऐकू आला. मग, आई, कुणी नाहीये, म्हणाली आणि फोन ठेवून दिला.