आत्याचा हातगुण

२ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी रोपवाटिका कशी आहे? माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालंय. टोमॅटोच्या निम्म्या रोपांवर मी एक संप्रेरक फवारते. अळीने पान कुरतडलं की झाड एरवी ते स्वतःच बनवतं, आणि मग पान अळीला पचेनासं होतं. उरलेल्या रोपांना नुसतं पाणी. ती अळ्यांनी फस्त करायला हवीत, पण दोन्ही खेपांना तिथल्याही अळ्या उपाशी, मरतुकड्या. तिसऱ्यांदा फरक दिसला नाही तर दोन वर्षांचं काम गुंडाळायचं, असं आमच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलंय.

पाण्यावरच्या बिचाऱ्या रोपांची मला दया येते गं. सकाळी त्यांना जरा जास्तच गोंजारते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी खारूताई


९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तू रडकुंडीला आलीस आणि मी हात मोडून बसले आहे. ओल्या फरशीवरून घसरले, उजवं मनगट प्लास्टरमध्ये, पत्र शेजारच्या पोराकडून लिहून घेतेय. आधी कळवलं नाही, कारण तू काम टाकून धावत आली असतीस. शेजारीण रोपांना पाणी घालते, पण माझ्यासारखा त्यांच्यावरून तळहात फिरवत नाही. म्हणते, रोपं काय मांजरं आहेत? दोन आठवड्यांत वांग्याच्या पानांची चाळणी झाली. इतक्या अळ्या माझ्या वाफ्यांत कधी पाहिल्या नव्हत्या. लोक माझा हातगुण म्हणायचे, ते मी थट्टेवारी न्यायचे.

लहानपणी माझ्यामागून रोपांवरून हात फिरवत यायचीस, ती सवय सुटली का?

जेवत जा, आणि उलट टपाली लिही.
तुझी आत्या


२० मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना माझा हात समोरच्या रोपावरच होता! चटका बसावा तसा मागे घेतला. या खेपेला तीन रांगा लावल्या: एकीवर संप्रेरक, एकीला नुसतं पाणी, एकीला पाणी आणि रोज तळहात. बाकी वेळ हात खिशात. नुसत्या पाण्याच्या रांगेचे देठ तेवढे उरले. हात फिरवलेली रांग उभी आहे, आत्या! स्पर्श झाला की झाड तेच संप्रेरक बनवतं. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी कुणीतरी आलंय हे त्याला कळतं. मी तोंडात बोट घालून उभी राहिले, मग रडले.

त्याच्या लेखी तो लाड नसतो, बरं का. धोका समजून ते कंबर कसतं. म्हणून तुझी रोपं बुटकी पण दणकट.

बाई म्हणाल्या, काम गुंडाळायचं नाही, वाढवायचं. तुझ्या आत्याबाई कुठल्या विद्यापीठात असतात, असंही विचारलं त्यांनी.

मनगटाला जप, माझ्यासाठी.
तुझी खारूताई


२९ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

बाईंना सांग, आत्या सातवी नापास.

म्हणजे तीस वर्षं मी लाड करत होते आणि ती रोपं मला अळी समजत होती! दोन दिवस रुसून वाफ्याकडे फिरकले नाही. काल प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय. रोपांपाशी बसले, पण त्यांना घाबरवायचं जिवावर आलं. मग आठवलं, तुझी आई गेल्यावर तुला इथे आणलं, तेव्हा केसांवरून हात फिरवला की तूही अंग चोरायचीस. तरी मी रोज फिरवायचे.

फिरवला मग, ओळीने सगळ्यांवरून.

सुट्टीत ये. डोकं कितीही मोठं झालं असलं तरी हात पुरेल.
तुझी आत्या