गुढियारीतला पहिला उंबरा

३ मार्च
दिल्लीहून फोन आला. राज्यसभा. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तिकडून हसले. म्हणजे विचार तिकडंच होऊन गेला. आमदारकी सोडावी लागेल, माझा मतदारसंघ, गुढियारी, दुसऱ्याच्या हाती जाईल. बायको खूश. कमल म्हणते, "सुटलो! आता दारात चपलांचा ढीग नाही." मले तो ढीगच पाहिजे, हे तिले कोण सांगणार.

५ मार्च
नव्या रायपुरात जाऊन फॉर्म भरला. रस्ते एवढे रुंद, की हात जोडाचे कोणाले?
पहिल्या फॉर्मच्या वेळी सायकलवर भोंगा, मागं मालधक्क्याचे हमाल. बाबा नागपूरहून बदलीवर आलेले, रेल्वेत. सायेब पाहतील म्हणून सगळ्यात मागं, तोंड लपवून. पण आले होते. निवडून आलो की अधिवेशनाले भोपाळ, तेव्हा राजधानी तिथं. गाडीत बसायच्या आधी गुढियारीतली फुलबासन काकी वाटेत खायला खुर्मीचा, गोड शंकरपाळ्यांचा, डबा आणून द्यायची. मग आपलं राज्य झालं, राजधानी घरी आली, लाडू वाटले. अन् डबा बंद. त्याचं आज काहून वाईट वाटून राहिलं?

६ मार्च
गाढवपणा केला. फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी सकाळी मतं मागायला पहिला उंबरा काकीचा, ही आपली रीत. तिनं हळद-तांदळाचा टिळा लावाचा, मी मुरमुरे-गूळ उभ्यानंच खायचा. एकदा बसलो होतो, त्या खेपेस पडलो. तेव्हापासून बसलो नाही. आज पाय आपसूकच निघाले. ड्रायव्हरनंही गाडी न विचारता तिकडंच वळवली.
काकी पार वाकली. टिळा लावला अन् विचारते, "ए दारी कोन बटन दबाना हे, भैया?"
सांगितलं, या खेपेस तुझं मत नाही काकी, आमदारच मत देतात.
"मोर वोट नइ हे, त मोर दुवारी काबर आए हस?"
मत नाही तर दारात काहून आलो, म्हणे. हात जोडलेलेच. सवयीनं उभाच.
मग तीच म्हणे, "बइठ. अब तो हारे के डर नइ हे."
बसलो. बसल्यावर दिसलं, नाली तुंबून पाणी उंबऱ्याले लागलेलं. माझी नजर तिनं पकडलीच. "दिल्ली ले मोर नाली दिखही का?"
हव, म्हटलं, दिल्लीहूनही दिसेल. लबाड बोललो.

९ मार्च
नाव मागं घ्यायची मुदत आज दुपारपर्यंत. घड्याळाकडे पाहत बसलो. कमल ओरडली, "पोट्ट्यासारखं काय करून राहिले? उठा, जेवा." जेवलो. मुदत गेली. बिनविरोध.
फटाके, पेढे. नात गळ्यात पडली, "नानाजी, अब तो आप दिल्लीवाले!" कोणाचं दार ठोठावलं नाही, कोणाची शिवी खाल्ली नाही, तरी जिंकलो. असलं जिंकणं गोड लागत नाही बुवा. बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ सोडून. कमलले कळलंच असणार.

११ मार्च
राजीनामा टाइप होऊन आला. सही तेवढी बाकी. त्याआधी महापालिकेत नालीच्या सायबाले फोन लावला.
"कौन?"
"विधायक बोल रहा हूँ. गुढ़ियारीवाला."
हे म्हणताना किती बरं वाटलं! दुपारी माणसं पोचली, नाली मोकळी झाली.
संध्याकाळी काकीचा डबा आला. उघडला तर खुर्मी. आणणाऱ्यानं निरोप सांगितला, "रस्ता म खा लेबे."
कमल म्हणते, सही करून टाका, सकाळी माणूस येईल न्यायले. म्हटलं, थांब, पेन शोधून राहिलो.
पेन खिशातच आहे.